बोकडानं अंग झाडलं नाही तेव्हा

मागितलेलं मिळालं नाही म्हणून देवावर रुसणारी माणसं पुष्कळ असतात. माझी तऱ्हा उलटी होती. मला मागितलेलं मिळालं होतं, आणि मिळाल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गेल्या चैत्रातली ही गोष्ट. त्या दिवसांत माझं चित्त इतकं उडालं होतं, की लोकांच्या ज्वारीत मी गहू दळत होते आणि गव्हात हरभरा. बायका घरी जाऊन भाकरी थापायच्या आणि ती फाटली की डबा घेऊन माझ्याच दारात भांडायला यायच्या. मी मनात म्हणायचे, बाई, तुझी भाकरी फाटली, माझं तर पोरगंच हातचं चाललंय.

मी गिरणीवाली बाई. राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या कालव्यावर आमचं गाव. मालक गेल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवते. सारा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि तोंडही जरा सैल आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटायचं, ही बाई देवाचा अनुभव सांगतेय की भांडायला उठलीय. तर गावाच्या खालच्या अंगाला चिंचेचं जुनं झाड आहे, त्याखाली बाबांची मजार. कागदोपत्री पीर, पण आम्ही नुसतं बाबा म्हणतो. गाव जवळजवळ सगळं हिंदूंचं, मुसलमानांची घरं बोटावर मोजण्याइतकी. बाबांपुढे दिवा लावायचा, झाडलोट करायची, हा मान दगडूभाई मुलाण्यांच्या घराचा. नवस फेडायचा असला की कंदुरी करायची, म्हणजे बोकड बाबांपुढे उभा करायचा. दगडूभाई त्याच्या अंगावर तांब्याभर पाणी ओततात आणि सगळे श्वास धरून बघत राहतात. बोकडानं थरथरून अंग झाडलं की बाबांनी नवस पदरात घेतला असं समजायचं. मग दगडूभाई बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवतात, रस्सा शिजतो, त्यावर ते फात्या देतात, म्हणजे बाबांच्या नावानं दुवा म्हणतात, आणि गाव जेवायला बसतं. आमच्याकडे कसलाही कडक हिंदू असो, मुलाण्याची सुरी न फिरलेलं मटण त्याच्या घशाखाली उतरत नाही. असं का, म्हणून विचारलं तर डोकं खाजवतो आणि म्हणतो, आज्यापासून तसंच चालत आलंय.

माझा एकुलता एक मुलगा अमोल, त्याला मी आमल्या म्हणते. आदल्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. नगरच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवलं होतं आणि डॉक्टर रोज येऊन सांगायचे, प्लेटलेट उतरल्या. मला त्या प्लेटलेटचा असा राग आला होता की समोर दिसल्या असत्या तर गिरणीत घालून दळल्या असत्या. शेवटी एक दिवस डॉक्टर काहीच बोलले नाहीत, नुसते बघून गेले. मी बहिणीला पोराजवळ बसवलं, एसटी धरली आणि थेट चिंचेखाली आले. पायरीवर डोकं टेकून मोठ्यानं रडले. दगडूभाई दिवा लावत होते. त्यांनी मोरपिसांचा कुंचा माझ्या डोक्यावरून फिरवला. मी म्हटलं, "बाबा, माझं पोरगं मला परत द्या. बोकड देते." दगडूभाई हळूच म्हणाले, "वहिनी, मागताना नीट मागा. बाबा मागितलं तेवढंच देत्यात." मला तेव्हा त्यांचा रागच आला. पोरगं मरणाच्या दारात आहे आणि हा माणूस मला मागण्याची रीत शिकवतोय! पण दुसऱ्या दिवसापासून प्लेटलेट चढायला लागल्या आणि आठवड्यानं पोरगं घरी आलं.

घरी आलं खरं. डॉक्टरांनी महिनाभर आराम सांगितला होता. अंथरुणावर पडून आमल्या दिवसभर मोबाईल बघायचा. मी म्हटलं, बघू दे, बिचाऱ्याचा वेळ जातो. पण त्या मोबाईलमध्ये कोण कोण ओरडत असायचे देव जाणे. माझ्या गिरणीच्या वर आवाज चढवणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. प्लेटलेट वाढल्या तसा पोराचा धर्मही वाढायला लागला. चहा पिता पिता म्हणायचा, "आये, आपला धर्म संकटात हाय." मी म्हणायचे, "बाळा, गिरणीचा पट्टा तुटायला आलाय, ते संकट आधी बघ." तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. बरं, धर्म वाढला म्हणावं तर पूजा नाही, उपास नाही, अंघोळसुद्धा दहा वाजून गेल्यावर. त्याच्या धर्मात नुसता राग होता, आणि तोही कुणावर, तर ज्यांना त्यानं जन्मात पाहिलं नाही अशा माणसांवर. पाहिलेल्यांत मुसलमान म्हणजे एक दगडूभाई आणि एक त्यांची बायको अमिनाभाभी. मग तो राग हळूहळू त्यांच्यावर येऊन बसला, कारण हाताशी तेवढेच होते.

गावातल्या रिकाम्या पोरांचं एक मंडळ झालं आणि आमल्या त्याचा म्होरक्या. त्यांनी शोध लावला की बाबा पीर नव्हतेच, ते आपले नाथबाबा होते. पुरावा काय, तर मोबाईल. एका दुपारी हिरवी मजार भगवी करायला निघाले. निम्मी रंगवून झाली आणि डबा संपला. दुसरा डबा राहुरीहून कुणी आणायचा यावरून त्यांच्यातच जुंपली आणि काम तिथंच थांबलं. तेव्हापासून आमचे बाबा उगवतीकडून भगवे आणि मावळतीकडून हिरवे आहेत. म्हाताऱ्या बायका बिचाऱ्या कशाला धोका घ्या म्हणून दोन्ही बाजूंना नारळ फोडायला लागल्या. दगडूभाईंनी ते रंगकाम बघितलं आणि सांडलेला रंग चिंचेच्या मुळावर पडला होता तो खराट्यानं खरवडून काढला.

इथवर मी हसत होते. पुढचं सांगताना हसू येत नाही. यात्रेच्या आधीच्या गुरुवारी मी नैवेद्य घेऊन गेले, तर मंडळाची पोरं दगडूभाईंना घेरून उभी. यंदा यात्रेत मुलाणी नको, तू इथं पाय ठेवायचा नाहीस, असं त्यांना सांगत होती. दगडूभाई म्हणाले, "बरं. पर लोकांचे नवस हायत, त्यांचं कसं?" आमल्यानं त्यांच्या हातातला मोरपिसांचा कुंचा ओढला. म्हाताऱ्यानं सोडला नाही. आमल्यानं हिसडा दिला, कुंचा मोडला, आणि दगडूभाई पायऱ्यांवरून खाली आले ते गुडघ्यावरच. पोरं हसली. एकानं मोबाईलवर चित्रण केलं. आणि माझा मुलगा म्हणाला, "ऊठ ए मुलाण्या, नाटकं करू नको." याच पोराला लहानपणी दगडूभाई खांद्यावर बसवून यात्रेतला पाळणा दाखवायला न्यायचे, कारण त्याचा बाप साखर कारखान्यावर पाळीला असायचा. मी ओरडले, शिव्या दिल्या, नैवेद्याचं ताट पोरांच्या अंगावर फेकलं. पण मी रोजच कुणाला ना कुणाला शिव्या देते, कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला देते, वीज गेली तर तारेला देते. त्यामुळे गावानं त्यात नवीन काही धरलं नाही. पारावरची मोठी माणसं तंबाखू मळत राहिली.

माणूस दुष्ट का होतो, यावर मी त्या आठवड्यात फार विचार केला. दळताना दुसरं काम काय असतं? पोटात भूक असली, अंगावर कुणी धावून आलं, तर माणूस वाईट वागतो, हे मला कळतं. पण ती पोरं जेवून आलेली होती. दारू प्यालेली नव्हती. त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं. आणि ती खूश होती हो! म्हाताऱ्याला पाडून लग्नाच्या वरातीत नाचावं इतकी खूश. वाईट करताना माणूस एवढा आनंदात असू शकतो, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या पोटच्या पोराच्या तोंडावर पाहिलं. आजारात त्याचं तोंड पिवळं पडलं होतं तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. घरी येऊन मी बाबांच्या दिशेला तोंड करून म्हटलं, "मी मागितलं हुतं ते पोरगं हे न्हाई. बदलून द्या." मग दगडूभाईंचं बोलणं आठवलं. मी पोरगं परत मागितलं होतं. कसलं पोरगं, ते सांगायचं राहूनच गेलं होतं.

दगडूभाईंच्या घरी गेले तर अमिनाभाभी दारातच उभी. एरवी ती मला बघून आधी हसते आणि मग बोलते. त्या दिवशी हसली नाही. नवसाचा बोकड मी तिच्याकडूनच घेतला होता. करडू असल्यापासून तिनंच वाढवलेला, पांढरा, कानावर काळा ठिपका. यात्रेपर्यंत तिच्याच दावणीला राहायचा होता. ती म्हणाली, "ताई, बोकड घेऊन जा आजच. त्याला चारा घालाया आता माझा हात न्हाई उठत." आतून दगडूभाईंचा जावई बोलत होता, तो शहरातून आला होता. सासऱ्याला सांगत होता, की बरं झालं सुटलात, हे मजारीपुढे दिवे लावणं, बोकडाला पाणी ओतणं, हे आपल्या धर्मात बसतच नाही, पापच आहे. त्याच्याही हातात मोबाईल होता. खाटेवर गुडघ्याला हळद लावून बसलेले दगडूभाई मला म्हणाले, "बघा वहिनी, तुमचा पोरगा म्हनतो मी लई मुसलमान हाय, आन माझा जावई म्हनतो मी पुरता मुसलमान न्हाई. बाबालाच इचारतो आता, मी हाय तरी कोन." मी हसले आणि तिथंच रडले. बोकड ओढत घरी आणला. वाटभर तो मागं वळून बघत ओरडत होता.

यात्रेचा गुरुवार उजाडला. ऊन असं, की चपलेतूनसुद्धा पाय भाजावेत. चिंचेखाली बोकडांची रांग लागली, पाळणे आले, भेळवाले आले. मंडळानं मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर आमल्याचा गॉगल लावलेला फोटो. सुरीचं काम मंडळातल्या एका ऊसतोड्या पोराला दिलं होतं, कोयता बरा चालवतो म्हणून. पाणी ओतायचा मान आमल्यानं स्वतःकडे घेतला. पहिला बोकड आमचाच, कारण नवस त्याच्याच जिवाचा. त्याला बाकी मुलाणी नको होता, बाबा पीर नको होते, पण नवस मात्र फेडून हवा होता. तोंडानं कितीही बोलला तरी दवाखान्यातली ती खोली तो विसरला नव्हता. मी हात जोडून उभी. आमल्यानं घोषणा दिली आणि तांब्या ओतला.

बोकड ढिम्म. डोळे मिटून उभा. त्या उन्हात अंगावर गार पाणी पडल्यावर कोण अंग झाडेल? बिचाऱ्याला बरं वाटलं असणार. आमल्यानं दुसरा तांब्या ओतला. बोकडानं मान पुढे केली, म्हणजे इकडेही टाका. तिसरा ओतला तेव्हा ते जनावर ओठावरून जीभ फिरवत होतं. मग दुसऱ्यांचे बोकड आणले. एकही अंग झाडेना. सरबतवाल्याकडून बर्फाचं पाणी आणलं, ते बोकड प्याले. बोअरची नळी सोडली, तर रांगेतले मागचे बोकड दावं ओढून पुढे यायला लागले. कुणीतरी म्हणालं, शेपटीला चिमटा घ्या. घेतला. बोकडानं चिमटा घेणाऱ्याला ढुशी दिली. एवढ्यात एका बोकडानं फ्लेक्सचा खालचा कोपरा खाल्ला आणि आमल्याचा एक हात आणि अर्धी घोषणा त्याच्या पोटात गेली.

दुपार टळून गेली. चुली पेटवून बसलेल्या बायका धुरानं बेजार. नवस बोललेली माणसं कुजबुजायला लागली. ऊसतोड्या पोरगा कोयता टेकवून म्हणाला, "कौल न्हाई तर मी न्हाई कापनार. माझी बायको पोटुशी हाय." कुणीतरी म्हणालं, कौल गेला खड्ड्यात, कापा आणि शिजवा. तर तंबाखू मळणारी तीच मोठी माणसं, जी परवा गप्प बसली होती, एकदम उसळली. "मुलान्याची सुरी न्हाई, फात्या न्हाई, आन आमी खायाचं? आमाला काय बाटवायचं ठरवलंय का रं पोरांनो?" मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. म्हाताऱ्याला पाडलं तेव्हा यांचा धर्म जागेवर होता, रश्श्यावर गदा आली तेव्हा बुडाला. मंडळातली पोरं एकेक करून भेळेच्या गाड्याकडे सरकली. आमल्या एकटा राहिला. मी बघितलं, तो शर्टाची बाही वर करून हातावर लाल ठिपके उठलेत का ते बघत होता. मग कपाळाला हात लावून बघितला. माझाही जीव त्याच एका गोष्टीत अडकला होता: नवस नाकारला तर बाबा पोराला परत नेतील. मी पायरीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, मला मागता येत न्हाई. चुकलं माझं मागनं. आता तुमाला काय करायचं ते करा." इतक्या वर्षांत बाबांना काय करायचं ते मी सांगितलं नाही, असं त्या एकाच वेळी झालं.

डोकं उचलते तर आमचा बोकड दावं तोडून पळालेला. "आये, धर!" म्हणत आमल्या त्याच्या मागं आणि मी आमल्याच्या मागं. पाळण्याखालून, बांगडीवाल्याच्या हातगाडीवरून, शाळेच्या कुंपणातून. बोकड कुठं वळला असेल? तो आपल्या घरी गेला. अमिनाभाभीनं त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, त्याला दुसरं घर कुठलं ठाऊक? हे मला कळतं. पण त्याआधी दिवसभरात त्यानं दाव्याला हिसकासुद्धा दिला नव्हता, आणि मी डोकं टेकलं तेव्हाच त्याला घर आठवलं, हेही खरं आहे. दोन्ही सांगते, तुम्हाला हवं ते घ्या.

धापा टाकत मी दगडूभाईंच्या अंगणात पोचले. बोकड अमिनाभाभीच्या पदरात तोंड खुपसून उभा होता. आमल्या उंबऱ्याबाहेर थांबला होता, घामानं निथळत. दगडूभाई खाटेवर, गुडघा सुजून हा एवढा झालेला. अंगात यात्रेचा धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला फेटा, हातात जपाची तसबी. ज्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तो माणूस सकाळपासून नटून बसला होता.

आमल्या म्हणाला, "बोकड अंग झाडंना." माफी नाही, काही नाही, एवढंच. मला वाटलं एक मुस्कटात द्यावी.

अमिनाभाभी कडाडली, "मग? आता आठवन झाली व्हय? गुडघा फोडताना कुठं गेल्ती आठवन? ह्या मानसाच्या घशात सकाळपासून पान्याचा थेंब न्हाई, ठाव हाय का तुला?"

"का?" आमल्यानं विचारलं.

"का म्हनतोय बघा! यात्रेदिशी सगळ्यांचे नवस फिटंस्तवर पानी घेत न्हाईत ते. त्यांचा बाप घेत नव्हता. आज म्हनलं, तुमाला हाकललंय, आज तरी प्या. तर म्हनत्यात, मला हाकललंय, नवस थोडेच हाकललेत? आमोलचा नवस हाय आज, तो फिटू दे."

यात्रेच्या गडबडीत कोण पाणी पितं आणि कोण नाही, हे इतक्या वर्षांत मलाही दिसलं नव्हतं. दगडूभाईंचे ओठ वाळून पांढरे पडले होते. आमल्या त्या ओठांकडे बघत राहिला. दवाखान्यात मी त्याच्या ओठांना कापसानं पाणी लावायचे, ते त्याला आठवलं असेल का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत आला आणि म्हणाला, "चाचा, चला."

दगडूभाई म्हणाले, "आरं, चलायला पाय कुठं हाय? तो तर तू पायरीवरच ठेवून घेतला."

गर्दीत गाडी चालणार नव्हती. आमल्या खाटेपुढे उकिडवा बसला आणि पाठ केली. अमिनाभाभी अजून फणफणतच होती, पण नवऱ्याचा फेटा तिनंच नीट केला, मोडका कुंचा त्यांच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, "त्याला म्हनावं सांभाळून ने. एकच गुडघा उरलाय." आणि निघाली आमची वरात. पुढं बोकड, त्याच्या मागं भगवं उपरणं गळ्यात घातलेला माझा मुलगा, त्याच्या पाठीवर फेटा बांधलेला दगडूभाई मुलाणी, मागं शिव्या देत अमिनाभाभी आणि रडत मी. भेळेच्या गाड्यापाशी मंडळाची पोरं तोंडात घास धरून तशीच उभी राहिली. एक पोरगं मोबाईल काढायला लागलं, तर पाठीवरून दगडूभाई म्हणाले, "काढ, काढ. परवाचा आन आजचा, दोन्ही लाव शेजारी शेजारी." त्यानं मोबाईल खिशात घातला.

चिंचेखाली आलो तेव्हा ऊन उतरलं होतं, कालव्यावरून वारा सुटला होता. दगडूभाईंना पायरीवर बसवलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि एकेका बोकडावर पाणी ओतलं. एकेक बोकड थरथरून अंग झाडत गेला. वारा होता, दिवसभर भिजलेली जनावरं होती, मी वाद घालत नाही. शेवटी आमचा बोकड. तो मात्र आपला मघासारखाच, ढिम्म. पाणी ओतलं तरी अमिनाभाभीकडे बघत उभा. आमल्याचं तोंड पांढरं फटक. दगडूभाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "नवस कुनाच्या जिवाचा? ये हिकडं. खाली बस." आमल्या त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. म्हाताऱ्यानं तांब्यातलं उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि मोडका कुंचा त्याच्या मानेवरून फिरवला.

आणि माझं पोरगं थरथरलं. डोक्यापासून पायापर्यंत, दात वाजेपर्यंत थरथरलं. मग म्हाताऱ्याच्या त्या सुजलेल्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडलं, लहानपणी यात्रेतल्या पाळण्यातून उतरवलं की रडायचं तसंच. "चाचा, मी पाडलं तुमाला," एवढंच परत परत म्हणत होतं. दगडूभाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, बाबानं कौल दिला. पर एक घोटाळा झाला. अंग झाडलं ह्यानं. आता सुरी कुनावर फिरवू?"

सगळी यात्रा खदखदून हसली. आमल्यासुद्धा रडता रडता हसला. आणि त्या हसण्यात मला माझं पोरगं दिसलं हो, तेच, मी दवाखान्यात काचेतून बघत होते ते. शेवटचा कौल मिळाला तसा अमिनाभाभीनं पाण्याचा पेला नवऱ्याच्या हातात दिला. दगडूभाईंनी आधी तो आमल्यापुढे धरला. आमल्यानं नको म्हणून मान हलवली आणि तो त्यांच्याच ओठांना लावला.

बोकडाला बाबांच्या नावानं सोडून दिलं. आमच्या नवसाचा मलिदा केला, गिरणीतल्याच पिठाच्या पोळ्या आणि गूळ, दगडूभाईंनी त्यावर फात्या दिला. इतरांचा रस्सा शिजला आणि तंबाखूवाले म्हातारे पंगतीत सगळ्यांत पुढे बसले. बोकड दिवसा माझ्या गिरणीत पीठ खातो, रात्री अमिनाभाभीकडे झोपतो आणि दोघींचंही ऐकत नाही.

सगळं गाव एका दिवसात सुधारलं असं काही झालं नाही. मंडळातली काही पोरं आमल्याशी अजून बोलत नाहीत, त्यांचे मोबाईल अजून ओरडतात. दगडूभाईंचा जावई यात्रेला आला नाही. गुडघा पुरता बरा झालाच नाही, दगडूभाई अजून लंगडतात, आणि ते लंगडताना दिसले की माझ्या पोराची मान खाली जाते. ती जायलाच पाहिजे. त्यानं बाबांना पुन्हा हिरवा रंग द्यायचं मनावर घेतलं होतं, पण दगडूभाई म्हणाले, राहू दे, बाबाला आता सवय झाली. म्हणून म्हाताऱ्या बायका अजून दोन्हीकडे नारळ फोडतात.

मी आता बाबांपुढे बसते तेव्हा काही मागत नाही. मागायला गेले तर मी काय विसरेन, मला भरवसा नाही. हात जोडते आणि म्हणते, तुम्हाला सगळं दिसतंय, तुम्हीच बघा. पूर्वी मी त्यांना हुकूम सोडायचे, आता मी त्यांच्या हवाली झालेय. या चैत्रात यात्रा झाली तेव्हा उन्हाचा तडाखा तसाच होता. दुपारी चिंचेखाली दगडूभाईंच्या हाताखाली राबणाऱ्या आमल्याला मी ताकाचा तांब्या नेऊन दिला, तर त्यानं तो परत केला. म्हटलं, का रे? तोंड वाळलेलं, ओठ पांढरे. म्हणाला, "अजून चार जनांचे नवस राहिलेत, आये. चाचानं घेतलं की मी घेईन."

मी तांब्या तसाच घरी आणला आणि दारामागं उभी राहून पोटभर रडले.